खादाडीचं विरजण

अन्नपूर्णा हिरेमठनं हात धुतले होते. कोपरापर्यंत साबण चोळून, नखं घासून, नळ कोपरानंच बंद करून धुतले होते. रोज धुवायची, तसेच. कांचन नलवडेला हे पक्कं माहीत होतं, कारण भिंतीला भिंत लागून वर्षानुवर्षं राहिलं की शेजारणीच्या नळाचा आवाजसुद्धा पाठ होतो.

आणि तरी मिरजेतल्या त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात एक तरणा डॉक्टर अन्नपूर्णेसमोर उभा राहून विचारत होता, "मावशी, मी रागावणार नाही, खरं सांगा. ताक घुसळलं नि तसाच हात नळीला लावला, असं झालं का?"

"नाही हो डॉक्टर. बसवण्णाची शपथ, नाही."

"मग दह्या-ताकात असतात तसले जंतू काकांच्या पोटात गेले कुठनं? उडून?"

अन्नपूर्णेची नणंद गिरिजा भिंतीला टेकून उभी होती. तिला तेवढंच पुरलं. "मी सांगत होते की. हिला घाईच फार. माझ्या भावाचा जीव हिच्या घाईवर टांगलेला."

 अन्नपूर्णेनं आपले हात उलटेसुलटे करून बघितले, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. साबणानं कातडी आधीच सोललेली, बोटांच्या पेरांवर लाल चिरा पडलेल्या.

कांचन शेजारीच बाकावर बसली होती, मांडीवर डबा घेऊन. 'ताक' हा शब्द तिनं ऐकला. तिनं डब्याचं झाकण दाबलं. ते घट्टच होतं. तरी दाबलं.

महांतेश हिरेमठ रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत दोन्ही किडन्यांनी हात वर केले. दवाखान्यात मशीनला बांधून घ्यायचं त्यांना नको होतं, म्हणून त्यांनी घरी करायचा उपाय घेतला. पोटात एक मऊ नळी कायमची बसवलेली. पिशवीतलं औषधी पाणी कोमट करून त्या नळीतून पोटात सोडायचं, काही तास ठेवायचं, रक्तातली घाण त्या पाण्यात उतरली की ते बाहेर काढून नवी पिशवी लावायची. दिवसातून अनेकदा. पंखा बंद, खिडकी बंद, तोंडाला फडकं, हात धुतलेले. पत्नीचे हात हीच त्यांची किडनी.

"पोटाला सायडिंग काढलंय," असं म्हणून ते आल्यागेल्याला सदरा वर करून दाखवायचे. "गाडी रिकामी आत येती, माल भरून बाहेर जाती. सिग्नल आमच्या हिच्या हातात." दोन पिशव्यांच्या मधल्या वेळेत काठी टेकत जंक्शनवर जायचे, बाकावर बसून गाड्यांचे डबे बघायचे. एवढंच आयुष्य, पण त्यांचं त्यांचं होतं.

आता ते तापानं फणफणत आत पडले होते. पोटातून निघणारं पाणी ताकासारखं गढूळ झालं होतं.

*

कांचन ही प्राजक्त सोसायटीची हिरवी वहिनी. हे नाव लोकांनी अर्धं कौतुकानं आणि अर्धं कुजकेपणानं ठेवलेलं, पण तिला त्यातलं कौतुकच ऐकू यायचं. तिनं घरात प्लास्टिकचं नाव ठेवलं नव्हतं. बाजाराला कापडी पिशव्या, दात घासायला कडुनिंबाच्या दांड्याचा ब्रश, भांड्यांना रिठ्याचं पाणी. नवरा रणजित साखर कारखान्यावरून आला की म्हणायचा, "आज काय सोडायचंय? श्वास चालेल का?" ती हसायची. चांगलं वागण्याची एक नशा असते, आणि ती चढलेल्या माणसाच्या तोंडाला वास येत नाही, एवढाच दारूच्या नशेहून तिचा फरक.

फाटकावरचा फळाही तिचीच कल्पना. कचरा नेणारी गाडी प्रत्येक घराची पिशवी तोलायची आणि सोसायटीच्या फळ्यावर त्या घराच्या नावापुढं एक पान उजळायचं. कमी कचरा तर हिरवं, मध्यम तर पिवळं, जास्त तर लाल. कांचनचं पान कायम हिरवं. हिरेमठांचं कायम लाल. रोजच्या त्या रिकाम्या पिशव्या, वेष्टनं, टोपणं. आजाराला प्लास्टिक लागतं हे फळ्याला कोण सांगणार? त्याला फक्त वजन कळत होतं.

एका सभेत कांचननं ते बोलूनही दाखवलं होतं. नाव न घेता, म्हणजे सगळ्यांना कळेल अशा रीतीनं. "काही घरांमुळं आपल्या सोसायटीचा फळा लाल दिसतोय. अडचणी सगळ्यांनाच असतात. पण रोज एवढं प्लास्टिक धरणीमातेच्या उरावर टाकताना मनाला काही वाटायला नको?"

महांतेशराव मागच्या खुर्चीवरून म्हणाले होते, "वाटतंय की वहिनी. पण मी मेलो की पान आपोआप हिरवं होईल, थोडं थांबा."

सगळे हसले होते. कांचनही हसली होती. अन्नपूर्णा मात्र खाली बघत होती.

त्यानंतरच्याच थंडीत कांचन वाटी घेऊन तिच्या दारात गेली. स्टीलची, काठाला 'नलवडे' कोरलेली वाटी. ही वाटी दोन घरांत कितीदा ये-जा करायची, आणि कधी रिकामी परतायची नाही. कांचननं आमटी पाठवली तर अन्नपूर्णा शेंगाचटणी घालून परत पाठवणार. घरात काहीच नसलं तर निदान साखरेची चिमूट. रिकामं भांडं परत करणं म्हणजे संबंध संपले म्हणून सांगणं, हे दोघींनाही कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

त्या दिवशी वाटीत पांढरट, बुळबुळीत काही तरी होतं.

"काय गं हे? ताक नासलंय का?"

"खादाडी आहे," कांचन म्हणाली. "तुझं लाल पान हिरवं करणारी."

*

खादाडी हे बायकांनी ठेवलेलं नाव. मूळ वस्तू कंपनीची, एका सीलबंद स्टीलच्या डब्यात यायची. प्लास्टिक म्हणजे काय, तर एकसारख्या मण्यांची लांबच लांब माळ. निसर्गात ही माळ कुणी ओवली नव्हती, म्हणून ती तोडायची कात्रीही कुणाकडं नव्हती. शास्त्रज्ञांनी ती कात्री घडवली आणि एका जंतूच्या पोटात बसवली. जंतूनं मणी सुटे करायचे, खायचे, मागं उरायचं ते झाडाला घालता येईल असं पाणी. बाटली टाकली की आठवड्यात बाटली गायब.

जंतू मोकाट सुटू नये म्हणून कंपनीनं त्याला एक खोड लावून ठेवली होती. त्याला रोज एका खास औषधाचे थेंब लागत. ते थेंब जगात दुसरीकडं कुठंच मिळत नव्हते, कंपनीच्या बाटलीतच. थेंब बंद, की जंतू मेला. माहितीपत्रकावर ठळक छापलं होतं: डबा उघडू नये, दुसऱ्यास देऊ नये, इतर पदार्थ मिसळू नयेत.

आता हे 'दुसऱ्यास देऊ नये' आपल्याकडच्या बायकांना सांगायचं म्हणजे नदीला वाहू नको म्हणून सांगायचं. कांचनची थेंबांची बाटली संपली, नवी यायला उशीर झाला, खादाडीचा फेस बसला, वास उतरला. कांचननं तेच केलं जे तिच्या आईनं मरायला टेकलेल्या विरजणाला केलं असतं. मडक्यात काढून घेतलं, भाताची कोमट पेज घातली, चमचाभर आंबट ताक घातलं, फडकं बांधून चुलीशेजारी ठेवलं.

दोन दिवसांनी फेस आला. तिनं नवऱ्याला हाक मारून दाखवलं. "बघा! कंपनीला जमलं नाही ते ताकानं केलं."

तेव्हापासून थेंबांची गरजच उरली नाही. आणि जी गोष्ट विरजणासारखी जगते ती विरजणासारखीच वाटायची असते.

अन्नपूर्णेला तिनं पद्धतही सांगितली. मडक्यात ठेव, पेज घालत जा, आणि उबेला ठेव. थंडी होती. अन्नपूर्णा म्हणाली, "आमच्या घरात ऊब कुठली गं? कट्ट्यावर दहीसुद्धा लागत नाही या दिवसांत."

कांचननं घरभर नजर फिरवली आणि तिला दिसली ती आतल्या खोलीतली गरम तबकडी, जिच्यावर महांतेशरावांच्या पिशव्या कोमट करायला ठेवत. खाली छान रिकामा कप्पा होता.

"इथं ठेव की," ती म्हणाली. "बारमाही ऊब."

*

अन्नपूर्णेची खादाडी सोसायटीत सर्वांत चपळ निघाली. तिला रोज तेच खाद्य मिळत होतं, त्या मऊ पिशव्या. सुरुवातीला एक पिशवी खायला पंधरवडा लागला. आषाढात आठवडा. नवरात्रापर्यंत सकाळी टाकलेली पिशवी दुसऱ्या सकाळी साय होऊन तरंगायची. फळ्यावर हिरेमठांचं पान लालवरून पिवळं झालं. कांचननं सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या.

आणि विरजण कुठलं मागायचं हे बायकांना सांगावं लागत नाही. ज्या घरचं दही घट्ट, त्या घरचं. कुणाचं मडकं मंदावलं की ती अन्नपूर्णेच्या दारात वाटी घेऊन उभी. तिचं नेऊन आपल्यात घालायचं, त्यातलं जे फसफसेल ते पुढं द्यायचं, मंद असेल ते गटारात ओतायचं.

यंदाच्या संक्रांतीला कांचननं हळदीकुंकू केलं. दरवर्षी बायका वाण म्हणून प्लास्टिकचे डबे, चाळण्या लुटतात याची तिला चीड. तिनं अन्नपूर्णेच्या मडक्यातलं विरजण मागून आणलं, कुंभाराकडून बोळकी आणली, आणि तिळगुळाबरोबर प्रत्येकीच्या हातात खादाडी ठेवली. रथसप्तमीपर्यंत ती पलीकडच्या दोन सोसायट्यांत आणि कुणाकुणाच्या माहेरी पोचली होती. पुण्याची एक संस्था शून्य-कचरा सोसायटी म्हणून सत्कार करायला येणार, असं पत्र आलं. कांचननं साडी काढून ठेवली. हातमागाची, अर्थातच.

आणि फाल्गुनात महांतेशरावांच्या पोटातलं पाणी गढूळ आलं.

*

"कांचन, आमच्या घरी जाऊन यांचे दोन सदरे आणशील?" अन्नपूर्णेनं त्या व्हरांड्यात किल्ली पुढं केली. "मी हललो की गिरिजाताई म्हणतील पळाली."

कांचन गेली. हिरेमठांच्या आतल्या खोलीचं दार उघडलं आणि तिला वास आला. आंबूस, पिकल्या फणसासारखा. तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघराचा वास. तो इथं मडक्यापाशी यायला हवा होता, पण तो दारापासूनच येत होता.

कोपऱ्यात नव्या पिशव्यांचं खोकं होतं, न उघडलेलं. तिनं चिकटपट्टी सोडवली. वरची पिशवी उचलली तर बोटांना चिकट लागली. उजेडात धरली. कडेला बारीक बारीक खळगे पडले होते, देवीच्या व्रणांसारखे. आतलं पाणी अजून आतच होतं, पण भिंत पातळ झाली होती.

पोटातली नळीही याच जातीची. जुनं, विषारी म्हणून बदनाम झालेलं प्लास्टिक हटवून दवाखान्यांनीही आता हे नवं मऊ प्लास्टिक आणलं होतं, पर्यावरणाला बरं म्हणून. महांतेशरावांनीच एकदा तिला कौतुकानं सांगितलं होतं: "वहिनी, तुमच्यासाठी आम्ही नळीपण हिरवी घेतलीय."

ती तिथंच खाली बसली. फरशी थंड होती. तबकडीखाली मडकं शांतपणे फसफसत होतं.

मग तिनं काय केलं? उठून धावत दवाखान्यात गेली असती तर ही गोष्ट लिहायचं कारण नव्हतं. तिनं पिशवी खोक्यात ठेवली, चिकटपट्टी परत दाबून बसवली, कपाटातून दोन सदरे घेतले आणि दाराला कुलूप लावलं.

*

"तू गप्प बस," रणजित म्हणाला. तो जेवत होता. "तुला कुणी डॉक्टर केलंय? दवाखाना म्हणतो हाताची घाण, तर हाताची घाण."

"तिनं हात धुतले होते."

"तुला कसं माहीत?"

"मला नळ ऐकू येतो."

रणजितनं भाकरी मोडली. "कोर्टात सांग हे. नळ ऐकू येतो म्हणून. अगं, पत्रकावर छापलंय, दुसऱ्यास देऊ नये. तू दिलंस. अख्ख्या गावाला दिलंस, तिळगूळ लावून. उद्या पोलीस आले तर मी काय सांगू, बायको पर्यावरणवादी आहे?" मग आवाज उतरवून म्हणाला, "माणूस आधीच आजारी होता. कधी ना कधी होणारच होतं. तुझ्यामुळंच झालं असं कशाला धरून बसतेस?"

त्याचं बोलणं इतकं सोयीचं होतं की कांचननं ते पांघरून घेतलं. एक दिवस पांघरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती डबा घेऊन दवाखान्यात गेली तेव्हा अन्नपूर्णा बेसिनपाशी उभी होती. हात धूत होती. धुवून झाले, पुसले, पुन्हा साबण घेतला.

"अन्नपूर्णा, पुरे गं."

"ताप उतरलाय यांचा," ती नळाकडं बघतच म्हणाली. "उद्या नवी नळी घालणार. मग घरी. डॉक्टर म्हणाले, या खेपेला चुकलात तर वाचणार नाहीत. मी विचार करत होतो, कांचन, कुठं चुकलो असेन? झोपेत असेन का? ध्यानातच येत नाही. मला आता माझाच भरवसा वाटेना झालाय."

नवी नळी. त्याच जातीची. आणि घरी, त्याच खोलीत.

साबणाच्या फेसात अन्नपूर्णेच्या बोटांचं रक्त गुलाबी होऊन वाहत होतं. कांचननं नळ बंद केला. डबा बेसिनवरच राहिला.

*

प्रयोगशाळा तळमजल्यावर होती. डॉक्टर नसरीन मुजावर या तिथल्या जंतुतज्ज्ञ, चष्मा कपाळावर चढवलेल्या, बोलायला फटकळ. कांचननं रिक्षानं जाऊन, अजून तिच्याकडंच असलेल्या किल्लीनं हिरेमठांचं घर उघडून आणलेलं मडकं आणि ती चिकट पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. थेंब, पेज, ताक, तबकडी, बोळकी. सांगताना 'आम्ही' म्हणत होती. मध्येच थांबली आणि 'मी' म्हणू लागली.

महांतेशरावांच्या पोटातून काढलेल्या नळीचा तुकडा मुजावरबाईंनी भिंगाखाली सरकवला. बराच वेळ बघत राहिल्या. मग बाजूला झाल्या. "बघा तुम्हीच."

वाळवी लागलेली चौकट दिसावी तशी नळी दिसत होती. बोगदे, खळगे, आणि त्यांत गर्दी.

"कंपनीचे जंतू मेले, ताई," मुजावरबाई म्हणाल्या. "ठरल्याप्रमाणं, थेंबांविना मेले. पण मरायच्या आधी कात्रीची कृती देऊन गेले. जंतू एकमेकांना कृती देतात. तुम्ही बायका भिंतीवरून वाट्या देता ना, अगदी तशा. तुम्ही ताक घातलंत. ताकातल्या, ओट्यावरच्या, हवेतल्या साध्यासुध्या जंतूंनी ती उचलली. त्यांना थेंब नकोत. त्यांना कुणी खोड लावलेली नाही."

"पण माझ्या मडक्यातले फक्त बाटल्या खायचे. हळूहळू."

"मग तुम्ही त्यांना शाळेत घातलंत. रोज त्याच पिशव्या. जो लवकर खाईल त्याची पोरं वाढवायची, मंद तो गटारात. आम्ही हेच करतो. बंद दारांआड, हातमोजे घालून, परवानगी काढून, आणि वर्षानुवर्षं खपून. तुम्ही सगळ्या मिळून एका वर्षात केलंत, हळदीकुंकू लावून." त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "इतकी सुंदर निवड मी आयुष्यात बघितली नाही. आणि इतका संताप मला कधी आला नाही. परवाच का नाही आलात?"

कांचनकडं उत्तर होतं. साडी, सत्कार, नवरा, पोलीस. त्यातलं एकही तोंडातून बाहेर काढण्यासारखं नव्हतं.

"उद्याची नळी थांबवते," मुजावरबाई फोन उचलत म्हणाल्या. "पण त्या बाईंना मी सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं."

*

महांतेशराव उशीला टेकून बसले होते. अन्नपूर्णा मोसंबी सोलत होती. गिरिजा पायथ्याशी. कांचन पलंगाच्या दांडीला धरून उभी राहिली आणि उभ्याउभ्याच बोलली. मध्ये कुणी अडवलं नाही. मोसंबीचा रस अन्नपूर्णेच्या बोटांच्या चिरांत जात होता, तिला ते झोंबत असणार, पण ती हालली नाही.

"म्हणजे मी हात धुतले होते," ती म्हणाली.

"धुतले होतेस."

"मी चुकलो नव्हतो."

"नाही. मी चुकले."

"हे तुला कधी कळलं?"

"सदरे आणायला गेले तेव्हा."

अन्नपूर्णेनं मोसंबी ताटलीत ठेवली. "त्या दिवशी. म्हणजे परवा सदरे देऊन गेलीस, काल डबा देऊन गेलीस, मला हात धुताना बघून गेलीस. 'बाई, तब्येतीला जप' म्हणालीस मला." ती उठली. "चल."

"कुठं?"

"बाहेर. त्या पोरगेल्या डॉक्टरला सांग. नर्सबाईंना सांग. गिरिजाताई इथं आहेतच, त्यांना परत सांग. मोठ्यांदा सांग. सभेत बोलतीस ना, तशा आवाजात."

आणि कांचननं सांगितलं. व्हरांड्यात, येणारेजाणारे थांबून ऐकत असताना, सभेतल्या आवाजात सांगितलं की अन्नपूर्णा हिरेमठनं हात धुतले होते. आवाज मध्येच फुटला तर अन्नपूर्णा म्हणाली, "ऐकू आलं नाही." तिनं परत सांगितलं.

गिरिजानं पदर तोंडाला लावला. आतून महांतेशरावांचा क्षीण आवाज आला, "अगं, पुरे आता. गार्डानं शिट्टी दिलीय."

*

पुढचं सगळं वर्तमानपत्रांत आलं. काही खरं, बरंच तिखटमीठ लावून. पुण्याची संस्था आली नाही. पोलीस आले. कांचन दारोदार फिरून मडकी गोळा करू लागली, सोसायटीच्या अंगणात चूल मांडून मोठ्या पातेल्यात उकळू लागली. वास असा सुटला की लोकांनी खिडक्या लावून घेतल्या.

आणि तिला वाटलं होतं बायका घाबरून स्वतःहून आणून देतील! कसलं काय. "आमच्या घरी कुठं कुणाच्या पोटात नळी आहे?" समोरच्या पाटोळेबाई म्हणाल्या. "तुम्हीच शिकवलंत ना, पृथ्वीसाठी करा म्हणून? आता आमचं पान लाल होईल त्याचं काय?" त्यांनी मडकं दिलं. पण देताना जरा जास्तच मुकाट्यानं दिलं, आणि कांचनला कळलं की एक वाटी मागं फ्रिजमध्ये राहिली आहे. तिला कळणारच. तिनंही तेच केलं असतं. विरजण सगळंच्या सगळं कोण देऊन टाकतं?

शहराच्या गटारांत काय पोचलंय ते मुजावरबाई अजून शोधत आहेत. त्यांच्या चेहऱ्यावरून काही चांगलं दिसत नाही.

महांतेशराव वाचले. दवाखान्यानं जुन्या जातीची नळी शोधून आणली, पण पोटाचा आतला पडदा इतका खराब झाला होता की घरचा उपाय कायमचा बंद झाला. आता दिवसाआड दवाखान्यात जायचं, हाताला सुया टोचून घ्यायच्या, मशीनला जोडून तासन्‌तास पडून राहायचं. आलं की दिवसभर डोळे उघडत नाहीत. जंक्शनवर जायचं सुटलं. ज्या मशीनला बांधून घ्यायचं नाही म्हणून त्यांनी एवढा खटाटोप केला, तिथंच ते नेऊन बांधले गेले. कांचननं बांधले. तिनं दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी गाडी देऊ केली, अन्नपूर्णेनं नको म्हणून सांगितलं. डबा पाठवला, तो दारातूनच परत आला.

मग एका सकाळी दाराची कडी वाजली. अन्नपूर्णा उभी होती. हातात वाटी, काठाला 'नलवडे' कोरलेली.

"तुझी राहिली होती आमच्याकडं. उकळून घेतलीय."

कांचननं दोन्ही हातांनी घेतली. आणि जन्माची सवय, नजर आत गेली. आत काही नव्हतं. साखरेचा दाणासुद्धा नव्हता. लख्ख घासलेल्या बुडात तिचाच चेहरा वेडावाकडा दिसत होता.

अन्नपूर्णा तिचं बघून होईपर्यंत थांबली.

"बघितलंस?"

"हो."

"बरं." ती वळली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबली. तिच्या हातांवरच्या चिरा भरून आल्या होत्या. आता त्या हातांना दिवसभर काही काम नव्हतं.

"खाली जाशील तेव्हा फळा बघ," ती मागं न बघता म्हणाली. "आता पिशव्या नाहीत ना घरात. आमचं पान हिरवं झालंय."